माघारी लावलेला मुराळी

आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी जाते, पण एकटी जात नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. बाप असो, भाऊ असो, चुलता असो, कुणीच नसेल तर गल्लीतला मानलेला भाऊ असो. त्यानं येऊन सासरच्या ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, ‘धाडता का लेकीला’ म्हणून विचारायचं आणि मग लेकीनं पिशवी उचलायची. आपली आपण बस धरून माहेरी जाणाऱ्या बाईला माझी आई ‘पाव्हनी’ म्हणते, लेक म्हणत नाही. मी बारावी शिकले, कंपनीत नोकरी केली, तरी या बाबतीत आईच्याच बाजूची आहे. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.

माझं सासर नदीच्या अलीकडं आणि माहेर पलीकडं. चुडाव्याच्या स्टेशनाकडून येणारी सडक आमच्या गावातून नदीवर उतरते. आमच्या माळवदावर उभं राहिलं की पलीकडच्या काठावरचं माहेरचं लिंबाचं झाड दिसतं. लग्न ठरलं तेव्हा आईला याचाच आनंद झाला होता. ‘हाक मारली तर आयकू जाईल, इतक्या जवळ दिली,’ असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

वडील मेंढरंवाले होते. मुराळी म्हणून यायचे तेव्हा हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी, सण असो की लग्न असो. सासूबाई जिभेच्या तिखट. वडिलांना ओसरी चढताना बघून म्हणायच्या, “आले बाई मेंढरांचे धनी. वास आदी आला, मानूस मागून.”

वडील काठी कोपऱ्यात टेकवत म्हणायचे, “मुद्दाम पुडं धाडला. म्हनलं, इहीनबाई चहाचं आदन तरी ठिवतील.”

मग सासूबाई हसायच्या आणि चहात दूध जास्त पडायचं. मी आत पिशवी भरत हे सगळं ऐकायची आणि मला उगाचच रडू यायचं. कुणीतरी आपल्याला मागायला आलंय, आपण कुणाला तरी हवे आहोत, एवढंच त्यात असायचं. पण त्यासाठी मी वर्षभर थांबायची.

तेव्हा नदीवर जुना, बुटका पूल होता. मोठा पूर आला की तो पाण्याखाली जायचा. वडील पाण्याच्या बाजूनं चालायचे आणि मला आतल्या बाजूला ठेवायचे. पिशवी त्यांच्याच हातात. पुलाच्या मध्यावर आलो की पिशवी खाली ठेवून ते बिडी शिलगवायचे आणि म्हणायचे, “हितनं पुडं तू आमची.” दरवर्षी तेच वाक्य, त्याच जागेवर. ते वाक्य ऐकलं की मी डोक्यावरचा पदर खाली सोडायची.

वडील गेल्यावर भाऊ यायला लागला, मोटारसायकलवर. भाऊ चांगला आहे, पण घाईचा. तो पुलाच्या मध्यावर थांबत नसे. मला वाटायचं, गाडी थांबव म्हणावं. पण कशाला, असं त्यानं विचारलं असतं तर काय सांगणार होते?

नंतर दुसरीकडं कुठंतरी एक पूल पुरात खचला आणि सगळीकडच्या जुन्या पुलांची तपासणी लागली. आमच्या पुलावरही एक सरकारी साहेब आले. त्यांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, खांबांवर लाल रंगाच्या खुणा केल्या. गावातले लोक ‘उंटावरून शेळ्या हाकणारे’ म्हणत त्यांच्या मागं मागं फिरत होते. तेव्हा त्यांनी सगळ्यांना खाली नेऊन खांबाचा पायथा दाखवला. खालचे दगड पाण्यानं ओढून नेले होते आणि खांब नुसता सवयीनं उभा होता. मीही ते डोळ्यांनी पाहिलं. आधी मोठ्या गाड्या अडवायला लोखंडी कमान बसली, मग ‘पूल वाहतुकीस धोकादायक’ अशी पाटी आली आणि शेवटी दोन्ही तोंडांना चर खणले. रागवायचं तरी कुणावर? खरं बोलणाऱ्या माणसावर रागवता येत नाही, हीच त्यातली अडचण.

माहेर तिथंच राहिलं आणि लांब गेलं. एक गाडी धरून परभणीला जायचं, तिथून दुसरी गाडी, मग सडकेवरून पायी. पहिल्या वर्षी भाऊ मोटारसायकलवर तसल्या लांबच्या वाटेनं आला. पुढं त्यानं मेंढरं विकली आणि दुसऱ्या जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर डंपर चालवायला गेला. त्याला पंचमीची सुट्टी मिळेना. त्या पंचमीला मी माळवदावर उभी राहून लिंबाच्या झाडाकडं बघत बसले. झोका बांधलेला दिसत नव्हता, तेवढ्या लांबून दिसणारही नव्हता. पण मला तो दिसत होता.

नव्या, उंच पुलाचं काम एका कंपनीला मिळालं. तिनं आमच्या गावाशेजारी पत्र्याची शेड ठोकली. गावातल्या शिकलेल्या दोघा-चौघांना काम द्यायचं ठरलं, त्यात माझा नंबर लागला. काम सेफ्टीचं. सकाळी सगळ्या मजुरांना रांगेत उभं करायचं, हेल्मेट, बूट, पट्टा तपासायचा, काय करायचं आणि काय नाही ते वाचून दाखवायचं. आमच्या गावच्या बाया आधी पदर घ्यायच्या, त्यावर हेल्मेट, त्यावर चुंबळ आणि त्यावर घमेलं. सासूबाई एकदा येऊन ते बघून गेल्या आणि म्हणाल्या, “नाकापरीस मोती जड.” मी नोकरीवर जाते याचा त्यांना राग नव्हता. पण मी ज्या हौसेनं जायची, ती त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. हा पूल माझ्यासाठीच बांधायलेत, असं मी मनात धरून बसले होते.

साईटच्या तोंडाशी एक मोठी पाटी होती. तिच्यावर ‘अपघाताविना गेलेले दिवस’ असं रंगवलेलं होतं आणि पुढं काळी चौकट. त्या चौकटीत रोज सकाळी खडूनं आकडा लिहायचं काम माझं. आकडा वाढत गेला की इंजिनियर खूश असायचे. वरचे साहेब आले की आधी त्या पाटीपाशी फोटो काढायचे. मलाही तो आकडा आवडायचा. तो वाढला की पूल वाढला, असा माझा साधा हिशेब होता.

एका सकाळी झारखंडचा एक मजूर मचाणावरून खाली पडला. पट्टा त्याच्या कमरेला होता, मीच तपासला होता. पण पट्ट्याचा हूक अडकवायला वर जो दोर बांधलेला असतो तो बांधलेलाच नव्हता. मग पट्टा असून काय उपयोग? माणूस जगला, पण कंबर गेली. त्याला दवाखान्यात नेताना तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, की घरी कोण कळवणार?

दुसऱ्या दिवशी इंजिनियर मला म्हणाले, “मॅडम, तो खोलीवर पडला असं समजायचं. आकडा तसाच पुढं न्या. एवढ्यानं काय होतंय?”

मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि शून्य लिहिलं. चांगलं मोठं लिहिलं, सडकेवरून दिसेल असं. मला राग आला की माझं अक्षर मोठं होतं, शाळेत असल्यापासून.

शून्य सडकेवरून दिसलं तसं गावातून बाहेर गेलं. तपासणीचे साहेब आले. दोर नाहीत, जाळ्या नाहीत, हे सगळं त्यांनी बघितलं आणि ते होईपर्यंत काम थांबवलं. मला काढून टाकायचं कंपनीच्या मनात होतं, पण चौकशी चालू असताना काढलं तर उलटंच अंगावर यायचं, म्हणून राहिले. सगळं होईपर्यंत पावसाळा आला, नदी भरली आणि मधल्या खांबांचं काम पुढच्या साली गेलं. गावात लोक मला बघून बोलायचे, “हिच्या शून्यानं पूल लांबला.” खरंच होतं ते. पण त्यांच्यात कुणाचं माहेर पलीकडं होतं?

आईला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “चांगलं केलंस. लेकराची कंबर गेली म्हनल्यावर दुसरं काय करावं?” आणि त्याच दमात म्हणाली, “पन मग पूल कवा व्हायचा गं, बाई?”

झाला. सावकाश झाला, पण झाला. पुढं एका श्रावणात त्याची वजनाची परीक्षा लागली, पंचमीच्या आदल्या दिवशी. शितावरून भाताची परीक्षा, तसा पुलाचा एकच गाळा निवडतात. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतच्या भागाला गाळा म्हणतात. त्यावर खडीनं भरलेले डंपर नेऊन उभे करतात, रात्रंदिवस तसेच ठेवतात आणि पूल किती वाकतो ते खाली काटे लावून मोजतात. आमच्या काठाकडचा पहिलाच गाळा निवडला होता, खाली कोरडी जमीन होती म्हणून. गाळ्याच्या दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या पट्ट्या ताणल्या. परीक्षा होईपर्यंत त्या पट्टीच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही. अलीकडच्या तोंडाशी लाल झेंडी घेऊन मी उभी होते, पलीकडच्या काठावर वॉचमन होता.

वॉचमन चहाला गेला, तेवढ्यात हे घडलं.

पलीकडच्या काठावर आई शेळ्या चारत होती. मेंढरं विकली तरी चार शेळ्या तिनं ठेवल्याच होत्या. तिनं बघितलं की नव्या पुलावर भरलेल्या गाड्या उभ्या आहेत. तिनं काय समजावं? भरल्या गाड्या पुलावर गेल्या, म्हणजे पूल चालू झाला. उद्या पंचमी, लेक अलीकडं, मुलाला सुट्टी नाही. तिनं शेळ्या शेजारणीच्या हवाली केल्या, घरी जाऊन लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि स्वतःच मुराळी होऊन निघाली. आईनं मुराळी होऊन जावं, असं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही.

मी तिला ओळखलं ते चालण्यावरून. लांबून एक हिरवं लुगडं पुलावरून येताना दिसलं. डाव्या गुडघ्यावर जरा वाकून पडणारं पाऊल माझ्याच आईचं. एवढ्या मोठ्या, रिकाम्या पुलावर ती एकटी, कडेकडेनं येत होती. मला काय वाटलं ते खरं सांगते. पहिल्यांदा मला आनंद झाला. न्यायला आलं कुणीतरी, एवढंच सुचलं. हातातली झेंडी, डंपर, काटे, सगळं मी विसरले.

ती डंपरांच्या पलीकडच्या पट्टीपाशी येऊन थांबली. अख्खी नदी ओलांडून आली होती. आमच्या दोघींमध्ये फक्त तो एक गाळा उरला होता.

इंजिनियर माझ्या शेजारी होते. म्हणाले, “कोण आहे?”

“माझी आई.”

त्यांनी खाली पाहिलं. सरकारी साहेब काट्यांपाशी होते, वर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. इंजिनियर हळूच म्हणाले, “मग येऊ द्या की कडेनं. म्हातारं माणूस, वजन ते किती? एवढ्यानं काय होतंय?”

भला माणूस होता, माझ्यासाठीच म्हणत होता. पण तेच वाक्य. खोलीवर पडला असं समजा म्हणताना होतं, तेच. मला तो झारखंडचा माणूस आठवला आणि वाटलं, दुसऱ्याच्या लेकरासाठी जो नियम, तो माझ्या आईसाठी नाही का? आणि खरं बोलायचं तर दुसरंही होतं. ज्या गाळ्याची अजून परीक्षाच चालू आहे, त्यावरून मी माझ्या आईला चालू द्यायची? वडील मला पाण्याच्या बाजूला चालू देत नव्हते.

मी ओरडले, “माय, माघारी फिर! आत येऊ नगं!”

जनरेटर चालू होता, वारं होतं, खाली पाणी. तिनं हात कानाला लावला. मग हसली आणि पट्टी उचलून खाली वाकायला लागली.

मी झेंडी वर केली आणि आईला लाल झेंडी दाखवली. दोन्ही हातांनी हालवली. ती वाकलेली थांबली. पट्टी सोडून सरळ झाली. मी ‘माघारी, माघारी’ ओरडत होते आणि आता ते तिला ऐकू गेलेलं होतं, तोंडावरून कळत होतं. तिनं पिशवी पट्टीपाशी खाली ठेवली. मग वळली आणि आली तशी कडेकडेनं निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी झेंडी खाली घेतली नाही. का नाही घेतली, ठाऊक नाही. हात आखडून बसला होता.

संध्याकाळी फोन केला. मी लाल म्हणजे काय, काटे म्हणजे काय, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “ते कळलं गं. मी काय येडी हाय का?” आणि मग म्हणाली, “सासरच्यांनी मुराळी माघारी लावलेला लय आयकलाय. लेकीनं लावलेला न्हाई आयकला.”

मी म्हटलं, “माय, परत अशी वेळ आली तर परत लावीन.”

“लाव की,” ती म्हणाली. “फुडच्या साली माजे गुडघे चालले तर लाव.”

डंपर काढल्यावर वॉचमननं पिशवी आणून दिली. आत हिरव्या बांगड्या होत्या, लाह्या होत्या आणि फडक्यात बांधलेली एक भाकर, ठेचा लावलेली. ती भाकर माझ्यासाठी नव्हती. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून तिनं आपली शिदोरी आपण आणली होती. माझ्या ओसरीवर बसून ती खाणार होती आणि सासूबाईंना विचारणार होती, धाडता का लेकीला. भाकर वाळून कडक झाली होती. मी ती पाण्यात भिजवून खाल्ली. सासूबाई बघत होत्या. नंतर पाठमोऱ्या होऊन म्हणाल्या, “धाडली असती गं मी.”

पूल परीक्षेत पास झाला. फीत कापली, एसटी सुरू झाली. आता आमच्या फाट्यावर बसलं की बिडी ओढून व्हायच्या आत माहेर येतं. कंपनी शेड मोडून दुसऱ्या कामावर गेली, ती पाटीही घेऊन गेली. लोक मला आता काही बोलत नाहीत. पुलावरून जाताना कुणाच्या मनात काही येत नाही, आणि पूल असाच असावा हे मलाही कळतं.

आईचे गुडघे मात्र त्याच हिवाळ्यात गेले. ती आता अंगणाच्या पुढं येत नाही. भाऊ डंपरवरच आहे. पुढच्या पंचमीला मी वाट पाहिली, मुद्दाम. फोनवर आई म्हणाली, “आता मुराळी कशाला? पूल हाय की. ये की तूच.” तिनं ते किती सहज म्हटलं! जन्मभर तिनंच मला शिकवलं होतं की बोलावल्याशिवाय, न्यायला आल्याशिवाय लेकीनं यायचं नसतं. मी ज्या पुलाची इतकी वर्षं वाट पाहिली, त्यानं माझं माहेर परत दिलं आणि मला न्यायला येणारं माणूस ठेवलं नाही. मला नदी ओलांडायची होती, हे खरं. पण मला कुणीतरी हाताला धरून ओलांडून न्यावं, ही इच्छा त्याच्याआधीची होती.

मी एसटीनं गेले. पण पुलाअलीकडंच, आमच्या काठावर कंडक्टरला थांबवायला सांगून उतरले. पहिला गाळा पायी चालले आणि संपला तिथं थांबले. पट्टी ताणलेली ती जागा मला पक्की ठाऊक आहे. तिथं पिशवी खाली ठेवली. कुणी बिडी शिलगवली नाही, कुणी काही बोललं नाही. एक ट्रक गेला आणि पूल पायाखाली जरासा हलला, चांगला पूल हलतो तेवढा. मी पिशवी उचलली आणि तिथून पुढं कडेकडेनं चालायला लागले, आई गेली होती त्याच बाजूनं, तिच्यासारखीच सावकाश.

अंगणात आई बाजेवर बसलेली होती. मला बघून तिनं हाक मारून शेजारणीकडून भाकरतुकडा मागवला, बसल्या बसल्याच माझ्यावरून ओवाळून टाकला आणि पायावर पाणी घातलं. मग सवयीनं विचारलं, लग्नानंतर दर पंचमीला विचारत आली तसंच, “कुनासंगं आलीस?”

मी म्हटलं, “तुज्यासंगंच आले, माय. तू माघारी फिरलीस ना, तवाच निघाले.”

तिनं तांब्या खाली ठेवला. माझी पिशवी ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली.